मॅलकीच्या टोपीतली जागा

मॅलकी टिअर्नीपेक्षा त्याची टोपी आमच्या गावात जास्त ओळखीची होती. नोर नदीच्या आसपास दगड घडवण्यात त्याचा जन्म गेला. गुडघ्यांनी दगा दिल्यावर तो पुलाच्या कठड्यावर बसून आमची मासेमारी बघायचा. टोपीच्या पट्टीत मासे फसवायला गळावर बांधलेल्या पिसांच्या, सशाच्या केसांच्या नकली माश्या टोचलेल्या असायच्या. नियम एकच: जिला नदीतल्या ट्राउट माशाने खरी समजून तोंडात घेतलं, तिलाच तिथे जागा.

प्रत्येक मित्राने बांधलेली एखादी तरी माशी त्या टोपीत होती. माझी नव्हती. मी फिंटन लेसी, गावचा न्हावी. उभा जन्म कात्री चालवली, पण गळावर पीस बांधायला बसलो की माझी बोटं आपसांत भांडायला लागतात.

मॅलकी माझी माशी उजेडात धरायचा. "फिंटन, ही माशी आहे की मोरीतला गुंता? गिऱ्हाइकं परत येतात तरी कशी तुझ्याकडे?"

"गावात दुसरा न्हावी नाही म्हणून."

हे मात्र अगदी खरं होतं.

मला ट्राउट खायचा नव्हता की मिरवायचा नव्हता. मला त्या मळक्या टोपीत जागा हवी होती. साठी उलटल्यावर असला हट्ट शोभत नाही, असं बायको म्हणायची, आणि तिचंही बरोबरच होतं.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी पुलाखाली एक मोठा ट्राउट माश्या टिपत होता. मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो. गळाची छडी मागे अशी झोकात फिरवली की दोरीचं टोक मागच्या काठावरच्या खडकावर टक्कन आपटलं. मी कशाला लक्ष देतोय! माशी अलगद पाण्यावर उतरली, एक नाक वर आलं आणि माशी गडप. मी छडी उचलली. काही नाही.

"झोपलास का रे?" वरून मॅलकी ओरडला.

पुन्हा टाकली. माशाने पुन्हा घेतली, पुन्हा थुंकली. त्यानंतर मी असा हिसका दिला की पाय सटकून मीच पाण्यात बसलो. ट्राउट अर्थातच पसार झाला.

वर येऊन बघतो तर गळाला टोकच नाही. खडकावर आपटून मोडलेलं. इतका वेळ मी त्या माशाला नुसती पिसं चारत होतो.

मॅलकी ठसका लागेपर्यंत हसला. मग त्याने हात पुढे केला. "आण इकडे."

"कशाला? मासा कुठे मिळाला?"

"मिळायलाच हवा असं मी कधी म्हणालो? त्याने तोंडात घेतली. मी बघितलं ना."

टोक नसल्यामुळे ती टोचता येईना. त्याने ती पट्टीखाली नुसती खोचली. घरी जाताना वाऱ्याने ती उडाली. मी म्हटलं, जाऊ दे. पण म्हातारा तेच दुखरे गुडघे टेकून, मला शिव्या देत गवत चाचपडायला लागला. मीही शेजारी ओणवा झालो, पण मला काही दिसेचना. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

"डोळे का पुसतोयस?"

"चिलट गेलं."

"खरं, की तू बांधलेलं?" असं म्हणून तो शोधत राहिला.