मुक्तिनाथचं तीर्थ आणि हाउन्सलोची किटली

देवाशी माझं भांडण असं कधी नव्हतं. मेसेज वाचून उत्तर देऊ नये, तसं मी त्याला फक्त 'सीन' करून सोडून दिलं होतं. गणपतीत हॉल बुक करायला मी पुढे, आरतीला झांजा माझ्याकडे, प्रसादाच्या रांगेत तर पहिला नंबर माझाच. पण मनातून त्याच्याशी बोलणं बाबा गेल्यापासून बंद होतं. बाबा पुण्यात एका ऑपरेशनला 'आलोच' म्हणून आत गेले आणि आले नाहीत. त्या वर्षी ते आणि आई नेपाळला मुक्तिनाथला जाणार होते. आईने त्यासाठी चांगले मजबूत बूटही घेऊन ठेवले होते. ते बूट घालून ती शेवटी हिमालयात न जाता लंडनमधल्या हाउन्सलोला आली, माझ्याकडे, आणि त्यांचा उपयोग बसस्टॉपपर्यंत जाण्यापुरता उरला.

मागच्या वर्षी आईच्या हृदयाची झडप कुरकुरायला लागली. जिना चढताना ती मध्येच थांबायची आणि भिंतीवरचे फोटो बघतेय असं दाखवायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन लवकर करा, थांबण्यात धोका आहे. आई हो म्हणेना. नाहीही म्हणेना. विषय काढला की ती कोथिंबीर निवडायला घ्यायची. एकदा मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिच्या हातातली जुडीच काढून घेतली आणि म्हणाली, "आई, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय ते सांगा बघू." आईने सांडलेली पानं गोळा केली. मग म्हणाली, "हे असेच आत गेले होते गं. त्यांना मुक्तिनाथचं राहिलं, ते राहिलंच. मला आत जायच्या आधी ते तीर्थ डोळ्यांना लावायचंय. तेवढं झालं की मी जाते, मग काय व्हायचं ते होऊ दे."

तिला स्वतःला एवढ्या उंचीवर नेणं शक्य नव्हतं. म्हणून मी जायचं ठरलं. मला मनातून हे सगळं खुळचटपणाचं वाटत होतं. पण आई ऑपरेशनला तयार होणार असेल, तर मी चंद्रावरूनही पाणी आणलं असतं. मेधा म्हणाली, "जा तू. पाणी भरायचं आणि आणायचं. एवढ्यात तू काय घोटाळा करणार?" लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाने असे प्रश्न विचारू नयेत.

आईने तीर्थासाठी तांब्याचा झाकणाचा गडू काढून दिला. मी म्हटलं, आई, गडू आता कोणी नेत नाही. मी विमानतळावर बॅगांच्या विभागात काम करतो. कोणती बॅग कुठे गळते, कुठे फुटते, द्रव पदार्थ कुठे अडतात, यावर मी कोणालाही व्याख्यान देऊ शकतो. मी स्टीलचा भारी फ्लास्क विकत घेतला आणि आईला त्याचे गुण सांगितले. त्याच्या झाकणाची रबरी रिंग मी धुऊन सिंकपाशी वाळत ठेवली आणि ती तिथेच राहिली, हे मला नेपाळात, पोखऱ्याला पोचल्यावर कळलं. तेव्हा मुक्तिनाथचं तीर्थ ज्यात भरलं गेलं, ती पोखऱ्याच्या दुकानातली मिनरल वॉटरची प्लॅस्टिकची बाटली होती.

मुक्तिनाथला देवळामागे दगडी भिंतीत गोमुखांची ओळ आहे. एकशे आठ धारा, आणि पाणी थेट बर्फाचं. भाविक डोकं वाकवून त्या सगळ्यांखालून पळतात. आईने सांगितलं होतं, एकही धार सोडू नकोस, बाबांचं आणि माझं नाव घे. मी शेजारच्या यात्रेकरूंना आधीच ऐकवून ठेवलं होतं की आम्ही इंग्लंडवाले, थंडीची आम्हाला सवय आहे. पहिल्या धारेखाली माझं इंग्लंड संपलं. थोडं पुढे गेलो आणि विरळ हवेत श्वासच सापडेना. आईबाबांचं नाव राहिलं बाजूला, तोंडातून नुसतं 'आई गं' येत होतं. मी भिंतीला धरून उभा राहिलो. मागची माणसं खोळंबली. आपल्याला परत फिरावं लागणार आणि आईला काय सांगायचं, हे मला स्पष्ट दिसायला लागलं.

तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट पकडलं. साठीच्या पुढची एक नेपाळी बाई होती, मला खांद्याला लागेल एवढी. "बाबु, सर नीचे! रुको मत!" ती ओरडली आणि तिने मला ओढतच नेलं. कुकुल्या बाळाला नळाखाली धरावं तसं. शेवटच्या धारेपाशी तिने मला सोडलं आणि विचारलं, "किसके लिए?" मी म्हटलं, "आई. माँ. ऑपरेशन है." माझ्याकडे टॉवेल नव्हता, तो कुठे होता हे विचारू नका. तिने स्वतःच्या खांद्यावरची जाड सुती शाल काढली आणि माझं डोकं खसाखसा पुसलं. मग माझ्या हातातून बाटली घेतली, धारेखाली धरून काठोकाठ भरली, कपाळाला लावली आणि मला परत दिली. "आमा को बोलना, डर नहीं," एवढं म्हणून ती दर्शनाच्या रांगेत मिसळली.

मी बाटली सांभाळत जीपमध्ये येऊन बसलो. जीप बरीच खाली उतरल्यावर लक्षात आलं, तिची शाल माझ्याच गळ्यात आहे. मी ड्रायव्हरला परत फिरायला सांगितलं. तो म्हणाला, खालून विमान पकडायचंय की शाल द्यायचीय, एक काय ते ठरवा. जीप खालीच जात राहिली. इतक्या थंडीत त्या बाईची शाल घेऊन मी पळालो होतो. ओलीचिंब शाल मी घडीबिडी न घालता प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली, पिशवीला गाठ मारली आणि बॅगेच्या तळाशी ढकलली. पोहून आल्यावर ओला टॉवेल बॅगेत तसाच ठेवायचा, यावरून आमच्या घरी बरेच महायुद्धप्रसंग झालेले आहेत.

बाटली मात्र मी मोज्यात गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत अशी बसवली की खात्यातल्या कोणी बघितलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. एक थेंब सांडला नाही. सकाळी घरी पोचलो. मेधा कामावर गेली होती, आई झोपली होती. मी बाटली काढून ओट्यावर ठेवली, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि प्रवासाने बधिर झालेल्या डोक्याने चहा टाकायला घेतला. आता आमच्याकडचं पाणी फार जड. किटलीत चुन्याचे थर बसतात, चहावर तवंग येतो. म्हणून चहासाठी मेधा विकतच्या पाण्याच्या बाटल्या ओट्यावर ठेवते, किटलीच्या शेजारी. इतकं सांगितलं की पुरे.

बॉयलर दुरुस्त करायला त्याच वेळी माणूस आला होता. त्यालाही कप दिला. "ब्रिलियंट कप ऑफ टी, मेट," म्हणत त्याने दुसरा मागितला. मी स्वतः दोन प्यायलो. त्याला दारापर्यंत सोडून आलो आणि ओट्यावरची रिकामी बाटली दिसली. तिच्यावर नेपाळीत लिहिलेलं होतं.

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी ती बाटली नळाखाली धरली. भरली. झाकण लावलं. आईला काय कळणार होतं? पाणी म्हणजे पाणी, असं मानणारा मीच तर होतो. मग त्या बाईने भरलेली बाटली कपाळाला कशी लावली होती ते आठवलं आणि माझे हात पुढे होईनात. मी बाटली सिंकमध्ये ओतली. तेवढ्यात जिन्यावर आईची पावलं वाजली. थांबत थांबत, नेहमीसारखी. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आंघोळ झालेली, हातात चांदीची वाटी. "आणलंस?" एवढंच म्हणाली.

मी सगळं सांगितलं. रिंगेपासून बॉयलरवाल्यापर्यंत. आईचा चेहरा आधी एकदम पडला. तिने वाटी टेबलावर ठेवली आणि खुर्ची धरून खाली बसली. मला वाटलं, संपलं. आता ही कधीच हो म्हणणार नाही. आणि मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. "म्हणजे मुक्तिनाथाने," तिला बोलता येईना, "मुक्तिनाथाने आपला बॉयलर दुरुस्त केला!" किती महिन्यांनी ती अशी हसत होती. हसता हसता पदराने डोळे पुसत म्हणाली, "आणि हा कुबट वास कसला रे? ओला टॉवेल परत बॅगेत ठेवलायस ना?"

मी शाल बाहेर काढली. अजून जड होती, थंडगार होती. ती कोणाची, कशी माझ्याकडे राहिली, ते सांगताना मला त्या बाईचा निरोप आठवला, जो मी चहाच्या गडबडीत विसरलोच होतो. "आई, ती म्हणाली, आमाला सांग, भिऊ नकोस." आईने वाटी जवळ ओढली. तिने शाल हातात घेतली, वाटीवर धरली आणि तिच्या त्या अशक्त हातांनी पीळ घातला. थेंब थेंब पाणी पडलं. वाटीचा तळ झाकेल इतकंच. मी म्हटलं, "अगं, माझं डोकं पुसलंय त्या शालीने." ती म्हणाली, "एकशे आठ धारा तुझ्या डोक्यावरून आल्यात. तुझ्या डोक्यावरचं पाणी मला कधीपासून वर्ज्य झालं? लहानपणी मीच घालत होते ना?" तिने बोट बुडवून डोळ्यांना लावलं. एक बोट बाबांच्या फोटोला लावलं. एक माझ्या कपाळाला. मग म्हणाली, "लाव हॉस्पिटलला फोन."

ऑपरेशनच्या दिवशी ती बाबांसारखं 'आलोच' म्हणाली नाही. "येते रे," म्हणाली, आणि आली.

यात चमत्कार कुठे आहे ते मला दाखवता येणार नाही. माझी हुशारी जिथे जिथे चालली, तिथून पाणी निघून गेलं. आणि जिथे मी नुसता गबाळेपणा केला, तिथे ते आईसाठी थांबून राहिलं. एवढंच मी पाहिलं. आता मी देवाशी बोलतो. फार नाही, बॅगा मोजता मोजता.

आई चालायला लागल्यावर पहिल्यांदा बाहेर पडली ती ते जुने बूट घालून, आणि दुकानातून तिने एक गरम शाल घेतली. मी विचारलं, आता ही कोणाला? "ती बाई त्या थंडीत तशीच गेली असेल," आई म्हणाली. बसस्टॉपवर एक नेपाळी आजी बसल्या होत्या. आमच्या भागात अशा पुष्कळ दिसतात. आई सरळ त्यांच्यापुढे गेली आणि काही न विचारता शाल त्यांच्या खांद्यांवर घातली. मी ओशाळून कारणं द्यायला तोंड उघडलं. पण आजींनी शाल नीट ओढून घेतली, दोन्ही हात जोडले आणि आईला शेजारी बसायला जागा करून दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी तोंड मिटलं आणि पिशवी धरून उभा राहिलो.