सरांच्या सायकलची हवा

आमच्या शेजारच्या सरांइतका हवेला जीव लावणारा माणूस अख्ख्या विश्रांतवाडीत झाला नसेल. बाकीचे लोक हवा श्वासात घेतात आणि विसरतात; सर तिची विचारपूस करत. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण त्यांच्या डोक्यातले वायूंचे नियम काही निवृत्त झाले नाहीत. कुकरची शिटी घाईने उचलणाऱ्या माझ्या बायकोला ते खिडकीतून बजावत, "वहिनी, थांबा. आतली वाफ अजून रागात आहे." वाढदिवसाला गेले तर आधी उन्हातले फुगे सावलीत नेऊन बांधत, मगच केकला हात लावत. स्वतःच्या सायकलचा टायर रोज सकाळी अंगठ्याने दाबून बघत, वैद्याने नाडी पाहावी तसा. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये हवा थोडी कमीच भरायची, हा त्यांचा दंडक. "चाळीस वर्षांत माझा टायर उन्हाने फुटलेला नाही," हे नव्या भाडेकरूला ते स्वतःच्या नावाआधी सांगत. सगळी गल्ली त्यांना विचारूनच हवा भरायची.

सांगायला आजही लाज वाटते. एका एप्रिलात, त्यांची नाडीपरीक्षा झाल्यावर, मला तो टायर मऊ लागला. उपकार म्हणून मी माझ्या पंपाने तो दगडासारखा कडक भरून ठेवला. भर दुपारी पत्र्याला टेकलेली सायकल सुतळी बॉम्बसारखी वाजली. सर बाहेर आले, चिंधड्यांकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "गणित चुकलं माझं." मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

मग आठ दिवस सर त्या पत्र्याला थर्मामीटर लावून वहीत आकडे मांडत बसले. कुणी हवेचं विचारायला आलं की म्हणत, "दुकानात विचारा. माझा भरवसा नाही."

नवव्या दिवशी मी भरल्या ताटावरून उठलो. जाऊन सगळं सांगून टाकलं. बोलणी खायची तयारी होती. सर वही मिटून उठले.

"म्हणजे नियम बरोबर होता?"

"हो सर. मीच जास्त..."

"अहो, मग आधी बोलायला काय झालं होतं? आठ दिवस मी बिचाऱ्या हवेवर संशय घेतला!" आणि आत वळून काकूंना, "अगं, ऐकलंस का? मी नाही चुकलो, हे चुकले! यांनाही चहा टाक."

इतक्या आनंदाने मला आजवर कुणी दोषी ठरवलेलं नाही.

सर आता नाहीत. त्यांची सायकल काकूंनी मला देऊन टाकली. एप्रिल लागला की सकाळी मी टायर अंगठ्याने दाबून बघतो. मऊ लागतो. हात पंपाकडे जातो, आणि मी तो मागे घेतो.