जवळजवळ झालेलं काम

ऑफिसात पाठीमागे सगळे तिला ‘जवळजवळ’ म्हणायचे, आणि तिला ते ठाऊक होतं. गिऱ्हाईक कंपन्यांची सॉफ्टवेअर वेळेवर करून घेणं हे तिचं काम. वेळेवर काहीच होत नसे, म्हणून हा शब्द तिच्या तोंडात बसलेला.

गाद्यांच्या कारखान्यासाठी चाललेलं गोदामाचं सॉफ्टवेअर चार महिने नव्वद टक्केच झालेलं होतं. उरलेले दहा टक्के मालकांच्या डोक्यात असत आणि दर बैठकीला बदलत. बटण हिरवं करा. हिरवं डोळ्यांत खुपतं, निळं करा. "एवढंसंच तर आहे," मालक म्हणायचे, आणि ही बाई मुकाट्याने मान डोलवायची. प्रोग्रामर कपाळावर हात मारून घ्यायचे.

आज शेवटची सही होती. ती झाली की उद्या सकाळी ती आईला मावशीकडे नेणार होती. मावशीने अंथरूण धरलेलं, आणि हा बेत तीनदा मोडलेला.

सही करता करता मालकांना हुक्की आली. त्यांनी गोदाम सांभाळणाऱ्या ताईंना बोलावलं, नुसतं कौतुकाने दाखवायला. ताईंनी चष्मा लावून सगळं नीट पाहिलं.

"गाडी अर्धीच भरून निघाली तर कुठे लिहायचं?"

"असं कधी होतं?" मालकांनी विचारलं.

"रोज."

पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, ताईंशी बोलू का म्हणून. "त्यांना काय विचारायचंय, मी आहे ना," मालक म्हणाले होते, आणि उगाच वाद नको म्हणून ती गप्प बसली होती. आता तिला मालकांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

मालकांनी पेन खिशात ठेवलं. "एवढंसंच तर आहे. उद्या बसून उरकून टाका."

"उद्या मी नाही," ती म्हणाली. "सोमवारी येईन. आधी दिवसभर ताईंबरोबर गोदामात बसेन, मग तुमच्याशी बोलेन."

तिने वही उचलली आणि जिन्यात येऊन आईला फोन लावला.

"आई, पिशवी भरलीस ना? सकाळी निघायचंय."

"भरलेली होती. दुपारीच रिकामी केली," आई म्हणाली. "काम झालं तुझं?"

"नाही झालं. तरी निघायचंय."

आई म्हणाली, "तू आधी घरी ये. तू दिसलीस की भरेन."