आईनं आग्रहानं पाजलेला रस

मी नाशिकचा असलो, तरी द्राक्षांतलं मला काडीचंही कळत नाही. वडील पोस्टात होते आणि द्राक्षं आम्ही हातगाडीवरून पावशेर घ्यायचो. पण नेदरलँड्समध्ये हे ऐकतो कोण? नाशिक म्हटलं की द्राक्षं! उद्या नागपूरचा माणूस दिसला तर त्याला संत्री सोलायला बसवाल का?

साल दोन हजार सहा. "नाशिक? तिथे वाइन करतात ना? मग तू एक्स्पर्टच!" माझा बॉस मार्टेन कँटीनमध्ये म्हणाला. माझं कॉन्ट्रॅक्ट महिन्याभरात संपत होतं, ते वाढवणं याच्याच हातात होतं आणि आमचं इथलं परमिट त्या कॉन्ट्रॅक्टवर! मी लाजून म्हणालो, "थोडंफार कळतं."

झालं! समुद्रकाठच्या झीलंड प्रांतात एका बेटावर मार्टेनच्या मेव्हण्याचा द्राक्षमळा होता. "शनिवारी सगळे या," मार्टेन म्हणाला, "त्याला तुझं मत हवंय."

आई तेव्हा उइटहॉर्नला आमच्याकडे आली होती. दारूचं नुसतं नाव काढलं तरी ती चूळ भरते. तिला काय सांगायचं?

"अहो, खरं सांगा," बायको म्हणाली.

खरं म्हणे! खरं बोलून कुणाचं परमिट वाढलंय? मी आईला सांगितलं, "तिथे द्राक्षांचा रस काढतात." (आता यात खोटं काय आहे?)

बेटावर वारा असा की माणूस तिरकाच उभा राहावा. मेव्हणा एकेका वेलीपाशी थांबून मुलं दाखवावीत तशा जाती दाखवत होता. ही रिवानर, ही ओसेरवा, ही पिनो ग्री. आईनं एक द्राक्ष तोंडात टाकलं.

"आई गं! केवढं आंबट! आणि नुसत्या बिया!"

"काय म्हणतात?" मेव्हण्यानं विचारलं.

"म्हणते, चवीला व्यक्तिमत्त्व आहे."

मग टेबलावर ग्लास आले, शेजारी बादली. मेव्हण्यानं घोट घेतला, तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला. मागोमाग मार्टेन! आई ताडकन उठली.

"शी! पाहुण्यांसमोर थुंकतात? आवडत नाही तर घ्यावं कशाला? अन्नाची किंमत नाही मेल्यांना!"

मी घाईघाईनं भाषांतर केलं, "आई म्हणते, इतकी चांगली गोष्ट थुंकू नये."

मेव्हणा गहिवरलाच. त्यानं बादली उचलून बाहेर ठेवली आणि ग्लास काठोकाठ भरले! बायको म्हणाली, "मला गाडी चालवायचीय." आईचे दात आंबले होते. उरलो मी. त्याआधी मी आयुष्यात अर्धी बिअर प्यायलो होतो, तीही लेमोनेड घालून.

अर्धा ग्लास झाल्यावर मी तो हळूच बाजूला सारला.

"संपव तो!" आई कडाडली. "बिचाऱ्यानं एवढ्या कष्टानं रस काढलाय!"

"आई, पुरे."

"लहानपणापासून असाच! फळं म्हटली की नाक मुरडायचं!"

अशा रीतीनं माझ्या सोवळ्या आईनं मला समोर बसवून रिवानर पाजली, ओसेरवा पाजली आणि वर पाठीवरून हात फिरवत पिनो ग्रीही पाजली.

"मग, तुझं मत?" मार्टेननं विचारलं.

मला एकदम सगळ्यांविषयी अपार माया दाटून आली. मी मार्टेनच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आईला कळू देऊ नका हं, ही दारू आहे. मी तिला रस सांगून आणलंय." मग आईकडे वळून म्हणालो, "मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही. कॉन्ट्रॅक्टसाठी मी मार्टेनला थापा मारल्या."

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मार्टेनशी मराठीत बोललात! आणि आईंशी इंग्रजीत!"

"दारू?" आई किंचाळली. "आणि मी माझ्या हातानं पाजली?"

घरी येईपर्यंत तिनं तीनदा गाडी थांबवून चुळा भरल्या आणि सगळा दोष मला दिला. वा रे न्याय! ग्लास संपवायला लावले कुणी?

सोमवारी मार्टेननं मला केबिनमध्ये बोलावलं. आवराआवरीला खोके कुठून आणायचे, याचा विचार करतच मी आत गेलो.

"कॉन्ट्रॅक्ट वाढवतोय," तो म्हणाला. मला रडूच येणार होतं. "पण एक अट आहे. दोन वर्षं तू प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतोयस की प्रोजेक्ट वेळेवर चाललंय. यापुढे रिपोर्ट तिसऱ्या ग्लासनंतर द्यायचा. आणि इंग्रजीत, पण आईला नाही, मला!"