मिस्टर पीटरचा बिस्किटांचा डबा

बहारीनमधल्या आमच्या सीफच्या ऑफिसात फाइलींपेक्षा किस्से जास्त साठलेत. फाइली निदान गोदामात तरी जातात, किस्से कुठे ठेवणार? मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांच्या कागदांची आणि कुरबुरींची राखणदार. कंपनी हॉलंडची. समुद्रात भराव टाकून जमीन करायची, हा आमचा धंदा. साहेबही तिकडचेच, मिस्टर पीटर. ताडमाड उंच, तोंडावर बोलणारे, आणि दुपारच्या जेवणाला रोज दोन पावांमध्ये चीज!

*

मिस्टर पीटर जनाबियाला राहतात. आले तेव्हा जुलै महिना. जुलै बरं का! आणि हे सायकलवरून ऑफिसला! वर म्हणतात, "आमचे पंतप्रधानसुद्धा सायकलने ऑफिसला जायचे."

आमचे सर्व्हेअर इक्बालभाई, मूळ रत्नागिरीचे. ते म्हणाले, "साहेब, पण तुमच्याकडे सूर्य वर्षभर रजेवर असतो!"

दुसऱ्या दिवशी एका बहारिनी काकांनी रस्त्यात पिकअप थांबवला. "हबीबी, गाडी नाही? यल्ला!" म्हणत सायकल मागे टाकली, साहेबांना पुढे बसवलं, हातात गार पाण्याची बाटली दिली आणि थेट ऑफिसच्या दारात आणून सोडलं. घरी गाडी आहे, असं साहेब सांगत राहिले, पण काकांना वाटलं बिचारा लाजतोय.

पुढच्या सकाळी काका पिकअप घेऊन साहेबांच्या गेटवर हजर! साहेबांनी सायकल विकली ती त्यांच्या मायेपायी, उन्हापायी नाही.

*

साहेबांच्या कपाटात बिस्किटांचा एक डबा असतो. कॉफीबरोबर प्रत्येकाला एक बिस्किट, की टक्कन झाकण बंद! आम्ही आधी कंजूष म्हणून हसायचो. मग कळलं, त्यांच्या देशात रीतच तशी. जगभर फुलं विकतील, चीज विकतील, पण पाहुण्याला बिस्किट एकच.

बुद्धपौर्णिमेला मी त्यांना खिरीला बोलावलं. म्हणाले, "किती वाजता?" मी आपलं म्हटलं, सातला. ठीक सातला बेल वाजली, तेव्हा आमचे हे टॉवेलवर होते!

एक वाटी खीर संपवून साहेब हात जोडून उठायला लागले. सासूबाई नाशिकहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या. त्यांनी खांदा दाबून खाली बसवलं. "एका वाटीत कुणाचं पोट भरतं का रे बाळा?" साहेबांना शब्द कळला नाही, पण हात कळला. चार वाट्या खाल्ल्या! निघताना दारात मला हळूच विचारलं, "तुमच्या घरी वाढणं थांबवायचं असेल तर काय करतात?"

"काही नाही साहेब, तसं कुणी करत नाही."

*

भिंतीवर हॉलंडचा नकाशा आहे. साहेब एकदा अभिमानाने डोंगर दाखवत होते. उंची तीनशे मीटरच्या जरा वर. आमच्या नाशकात त्याला कुणी नावही ठेवलं नसतं!

"आणि हा एवढा भाग समुद्राच्या पातळीखाली आहे," ते म्हणाले. "बांध फुटला तर श्रीमंत-गरीब सगळेच बुडणार. म्हणून आमच्याकडे सगळे एकत्र बसतात आणि सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलतात. सरकारसुद्धा तसंच. एकदा निवडणुकीनंतर कित्येक महिने सरकारच बनलं नाही."

आमचे बहारिनी ड्रायव्हर अबू युसूफ चहाचा कप धरून उभे होते. ते घाबरलेच. "मग देश कोण चालवत होतं?"

"चालत होता. चर्चाही चालू होती!"

*

आणि मग हेड ऑफिसचा तो मेल आला. प्रोजेक्ट संपत आलाय, एक माणूस कमी करा, नाव कळवा. सर्व्हेचं काम तर उरकलेलंच, त्यामुळे नाव कुणाचं ते उघड होतं. इक्बालभाईंची सना दहावीला. इथे नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर आवरायचं. बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर पोरीला कुठली शाळा घेणार? इक्बालभाईंचे जोक बंद झाले.

मिस्टर पीटरनी मंगळवारी मीटिंग बोलावली. "एक माणूस कमी करायचाय. सहमती आहे?"

मी म्हटलं, "नाही."

अबू युसूफ म्हणाले, "मफी!" म्हणजे तेच, नाही.

"ठीक. चर्चा चालू राहील." सगळ्यांना एकेक बिस्किट. झाकण बंद.

पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही! हेड ऑफिसचे फोन यायचे, आणि काचेपलीकडून साहेबांचा आवाज, "आपल्याकडे सरकार बनायला महिने लागतात, इथे तर माणसाचा प्रश्न आहे!" तिकडचे काय बोलणार? तेही त्याच मातीतले! एकदा म्हणे त्यांनी वैतागून विचारलं, "मग तुझंच नाव लिहू का?" साहेब म्हणाले, "त्यावरही चर्चा करावी लागेल."

सनाचा शेवटचा पेपरही मंगळवारीच आला. तिला घरी सोडून इक्बालभाई धावत मीटिंगला आले आणि उभेच राहिले.

"साहेब, पेपर संपले. तुम्ही सगळ्यांनी माझ्या लेकीचं वर्ष वाचवलंत. अल्ला तुम्हाला भरभरून देवो. आता माझी सहमती आहे. माझं नाव कळवा."

मला रडूच फुटलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "संध्या?"

मी नुसती मान हलवली. नाही.

"अबू युसूफ?"

"मफी!"

"एकट्याची सहमती म्हणजे सहमती नाही, मिस्टर इक्बाल. पुढची मीटिंग मंगळवारी."

साहेबांनी कपाटातून डबा काढला, सगळ्यांना एकेक बिस्किट दिलं, आणि डबा टेबलावर तसाच उघडा ठेवून आपल्या केबिनमध्ये निघून गेले.