गाडीचं तोंड रस्त्याकडे

नासिर उस्ताद गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात नळी धरून गाडी धूत होतो. फोन अकोल्याहून, त्यांच्या लेकीचा, रुखसानाचा. "काका, अब्बा गेले पहाटे. दुपारच्या नमाजनंतर मिट्टी आहे. तुमी येऊन राह्यले ना?" मी हो म्हणालो, नळ बंद करायचा विसरलो आणि ओल्या गाडीत बसून तसाच निघालो. फाटकाबाहेर पडायला अर्धं मिनिटही लागलं नाही, कारण गाडीचं तोंड रस्त्याकडेच होतं. ते तसं ठेवायला ज्या माणसानं शिकवलं, त्याच्याच मिट्टीला, दफनाला, मी निघालो होतो...

मी अमरावतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचो. चाळिशी उलटल्यावर सेकंडहँड गाडी घेतली आणि घेतल्यावर लक्षात आलं, की ती चालवता येत नाही. (माझ्या बहुतेक निर्णयांचा क्रम हाच असतो, असं बायको सांगते.) कोणीतरी उस्तादांचं नाव सुचवलं. त्यांच्याकडे ना पाटी, ना ऑफिस. रंग उडालेली एक गाडी आणि बंद पडलेल्या सूतगिरणीमागचं मैदान, एवढाच पसारा. इतरांकडचे शिकाऊ तिसऱ्या दिवशी बाजारातून हॉर्न वाजवत फिरायचे. उस्ताद मात्र पहिले आठ दिवस फक्त गाडी वळवायला लावत. दोन विटा ठेवायच्या, त्यांच्यामध्ये गाडी घालायची, पुढे-मागे करून उलट्या दिशेला तोंड करायचं. मग विटा आणखी जवळ आणायच्या. पाचव्या दिवशी माझा धीर सुटला.

"उस्ताद, सरळ कधी चालवायची?"

"सरळ तं म्हैसही चालते, सर. तुमी वयवा."

आमच्या वऱ्हाडात 'ळ' जिभेवर फारसा टिकत नाही, त्यामुळे वळवाचं वयवा होतं. मी हसलो, तर त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्या पुस्तकात वयणं म्हंजे काय लिवलं हाये?"

आता हा माझा प्रांत. मी वर्गातला आवाज काढला, "दिशा बदलणे."

उस्तादांनी हँडब्रेक ओढला. "बस? अन् त्याच्या पयलेचं कोण लिहीन? पयले गाडी हळू करा. मंग आरशात पाहा, मांगून कोण येऊन राह्यलं. मंग हात द्या, का बाबा, मी वयून राह्यलो. मंग स्टेअरिंग फिरवा. दिशा तं सगळ्यात शेवटी बदलते, सर."

त्यानंतर कॉलेजात हा अर्थ मी माझाच म्हणून कितीतरी वेळा सांगितला. उस्तादांचं नाव घेतलं नाही. माझ्या गुन्ह्यांत हा सगळ्यात किरकोळ.

त्यांचा दुसरा नियम गाडी लावण्याचा. कुठंही गेलं, की आधी गाडी वळवून लावायची, तोंड रस्त्याकडे, मग घरात पाय ठेवायचा. "येताना तुमच्यापाशी टाइम असते. जाताना कोणाले दवाखान्यात न्या लागते, कोणाची गाडी गाठा लागते. तवा काय मांगं-पुढं करत बसान?" त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस यजमान दारात ताटकळत असताना गाडी पुढे-मागे करत राही. लोकांना वाटे, कसला घमेंडी माणूस आहे!

लायसन्स मिळालं त्याच वर्षी बायकोच्या माहेरी, अकोटला, साखरपुडा होता. बसनं जायचं सोडून मी छाती फुगवून गाडी काढली. परतवाड्याला डावीकडे वळायचं होतं, मी सरळ गेलो. थोड्याच अंतरावर बायको म्हणाली, "अहो, आपण चुकलो."

"पुढून रस्ता आहे," मी म्हणालो.

पुढून रस्ता नाही, हे मलाही माहीत होतं. पण त्या रस्त्यावर, मागच्या ट्रकवाल्याच्या देखत, गाडी वळवायची? मग घाट लागला, साग लागले, माकडं लागली. बायको बोलायची बंद झाली, तेव्हाच खरं तर मी घाबरायला हवं होतं. शेवटी सेमाडोहला चहाच्या टपरीवर एका फॉरेस्ट गार्डनं माझा सफारी सूट आणि बायकोची पैठणी पाहून विचारलं, "वाघ पाहाले आले का?" अकोटला म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. "अजी बाप्पा! अकोट तं मांगंच राह्यलं. काहून वापस नाई फिरले?"

आम्ही पोचलो तेव्हा मांडवात भांडी घासणं सुरू होतं. सगळं सासर माझ्याभोवती गोळा झालं आणि मी, या मराठीच्या प्राध्यापकानं, तोंड उघडलं. "माझी काय चूक? तो नासिर! धड शिकवलंच नाही त्यानं. आठ दिवस नुसतं मैदानात गोल गोल फिरवलं." सगळे हसले. मीही हसलो. बायको हसली नाही. ती गोष्ट अकोटात घरोघर रंगवून सांगितली गेली आणि अमरावतीत शिकणारी आपली मुलं उस्तादांकडे पाठवणाऱ्या तिथल्या दोन घरांनी त्या उन्हाळ्यात ती दुसरीकडे पाठवली. हे मला पुढे कळलं. उस्तादांना आधीच कळलं होतं.

ते भांडले नाहीत. चौकात भेटले, की "सलाम, सर" म्हणून पुढे निघून जात. पूर्वी थांबत असत. उद्या जाऊन माफी मागू, असं मी रोज ठरवायचो. गंमत अशी, की रोज संध्याकाळी फाटकात गाडी वळवताना त्यांचाच आवाज कानात असायचा. गाडी वळायची, मी नाही.

अशी सोळा वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात आम्ही एका लग्नाला अकोल्याला गेलो, तेव्हा कळलं, की उस्ताद पडले, चालणं बंद झालं आणि आता ते तिथंच लेकीकडे असतात. मी ऐकून घेतलं, जेवलो आणि अमरावतीला परत निघालो. मूर्तिजापूरच्या पुढे गाडी आपोआप हळू झाली. आरशात पाहिलं. मागे कोणी नव्हतं. इंडिकेटर दिला आणि वळलो. बायकोनं लग्नात मिळालेला बुंदीच्या लाडवांचा डबा मागच्या सीटवरून मांडीवर घेतला आणि म्हणाली, "हा त्यांना देऊ."

उस्ताद खिडकीजवळच्या पलंगावर होते. पार वाळलेले. मी रस्ताभर जुळवलेली वाक्यं बोलायला लागलो... तुम्ही शिकवलं होतं, चूक माझीच होती, वर तुमचं नाव खराब केलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोपले. मग त्यांनी विचारलं, "गाडी कशी लावली?"

"तोंड रस्त्याकडे."

"हं..." मग एक डोळा उघडला. "तुमाले वयाले जागा लय लागते, सर. सोळा वर्सं!"

हसता हसता त्यांना ठसका लागला. रुखसाना पाणी घेऊन धावली आणि माझ्यावरच डाफरली, "काका, हसवू नका त्याईले!" त्यानंतर मी चार-पाचदा गेलो. दर वेळी निघताना ते खिडकीतून मान उंचावून गाडी बघत आणि समाधानानं परत उशीला टेकत.

मिट्टीच्या दिवशी ती अरुंद गल्ली दोन्ही बाजूंनी गाड्यांनी भरली होती. टॅक्सीवाले होते, एक डॉक्टर होते, वरूडचा एक संत्र्यांचा व्यापारी पिकअप घेऊन आला होता. आणि एकूण एक गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं. मीच तेवढी घाईत नाक आत खुपसून लावली. उतरलो, तर दाराशी उभा असलेला एक अनोळखी दाढीवाला गृहस्थ हळूच म्हणाला, "भाऊ, गाडी वयवून लावा."

मी पुन्हा बसलो. लोक भिंतीला टेकले. पुढे, मागे, पुढे... तीन दमात गाडी वळली. इतक्या कमी जागेत मी आयुष्यात गाडी वळवली नव्हती. सवयीनं वर खिडकीकडे पाहिलं.

त्या रात्री घरी पोचलो, तर बायकोनं नळ बंद करून नळी गुंडाळून ठेवली होती, पण अंगणात अजून चिखल होता. आधी गाडी वळवली, मग चिखलातून घरात गेलो. आता रोज संध्याकाळी ती तशी पाहून शेजारचे हटकतात, "काय सर, कुठी निघाले?"

"नाही हो," मी म्हणतो, "आत्ताच वापस आलो."