सहीचा मुहूर्त

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळात कांचन पाटणकरला सगळे ‘वहिनी’ म्हणत. ती कुणाच्याही भावाची बायको नाही, हे म्हणणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. पण गणपतीत आपल्या गाण्याला चांगली वेळ हवी असली, पोराला उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या हॉस्पिटलात चिकटवायचं असलं, नाटकाच्या तालमीला हॉलची किल्ली हवी असली, की माणसं आधी डॉक्टरांकडे जात नसत, तिच्याकडे जात. ‘वहिनी, तुम्ही फक्त एक शब्द टाका.’ ती शब्द टाकी आणि काम होई.

शब्द टाकायचा तो डॉक्टर कुमार आठल्ये यांच्या कानावर. डॉक्टर अडुसष्ट वर्षांचे, ऐन तरुणपणी नागपूरहून आलेले, हृदयाचे डॉक्टर आणि मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्ष कसले, राजेच म्हणा. निवडणूक दरवर्षी व्हायची आणि दरवर्षी ते एकटेच उभे राहायचे. त्यांची बायको सुनेत्रा अकरा वर्षांपूर्वी नागपूरला परत गेली होती. भांडण नाही, घटस्फोट नाही. तिला अमेरिका सोसवेना, त्यांना सोडवेना. मुलगा शंतनू टेक्ससमध्ये फ्रिस्कोला, आपल्या बायकामुलांत.

कांचन पुण्यात फ्रेंच शिकवायची. उशिरा लग्न करून न्यू जर्सीत आली आणि चार वर्षांत नवरा दुसरीकडे रमला. २००१ साली ती डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागली ती फ्रेंचच्याच जोरावर. डॉक्टरांकडे हैतीहून आलेले, फ्रेंच बोलणारे पेशंट पुष्कळ. म्हाताऱ्या बायका छातीवर हात ठेवून अर्धा तास काहीबाही सांगत आणि डॉक्टरांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. कांचन आली आणि डॉक्टरांची ती अडचण सुटली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दोघं डबे उघडून बसत, आणि ती त्यांना फ्रान्सच्या राजवाड्यातल्या गोष्टी सांगे. त्या गोष्टींतून पुढे काय झालं ते झालं. ते पन्नास वेळा चघळून मंडळाचं समाधान झालेलं आहे, आपण कशाला चघळा.

तिची सगळ्यांत आवडती गोष्ट मादाम द्यु बारीची. पंधराव्या लुईची शेवटची सखी. गरिबाघरची पोर, बापाचा पत्ता नाही, आणि एक दिवस थेट व्हर्सायच्या दरबारात. मंडळाच्या वाचक कट्ट्यावर कांचननं २००४ साली तिच्यावर भाषण केलं तेव्हा हॉल तुडुंब भरला. फ्रान्सच्या इतिहासाची एवढी ओढ एडिसनला अचानक कुठून लागली, ते सांगायला नको. कांचन शांतपणे बोलत राहिली. राजाच्या नातसुनेनं या बाईशी बोलायचंच नाही असा पण कसा केला होता, आणि तरी अर्ज घेऊन येणाऱ्यांची रांग हिच्याच दारात कशी लागायची. फाशीची शिक्षा झालेल्यांना हिनं राजापुढे गुडघे टेकून कसं सोडवलं. आणि शेवटी राजाला देवी आल्या. पोटच्या मुलींबरोबर हीही त्याची सेवा करत होती. पण राजाला मरताना पापाची माफी हवी होती, आणि ही राजवाड्यात असेपर्यंत पाद्री माफी देईना. तेव्हा हिला गाडीत बसवून वाड्याबाहेर पाठवून दिलं. सहा दिवसांनी तो गेला, तिच्या माघारी.

त्या दिवशी घरी परतताना डॉक्टर हसून म्हणाले होते, “आपल्याकडे पाद्री नाही, ते एक बरं आहे. माझी वेळ आली की तू शेजारी बसून तुझं ते फ्रेंच वाच. मला कळणार नाही, पण झोप छान लागेल.”

हे बोलणं त्यांनी हसण्यावारी नेलं नव्हतं. २००६च्या सप्टेंबरात त्यांनी वकिलाकडून एक कागद आणला. आपण बोलण्यापलीकडे गेलो तर आपल्या वतीनं निर्णय कोणी घ्यायचे, हे लिहून ठेवायचा कागद. हेल्थ केअर प्रॉक्सी म्हणतात त्याला. नावाच्या जागी त्यांनी कांचनचं नाव लिहिलं. खाली आपल्या डॉक्टरी अक्षरात लिहिलं, की सुधारण्याची आशा नसेल तर मला मशीनवर ठेवू नये, मी ते पुष्कळांचं पाहिलं आहे. मंडळाचे सेक्रेटरी संजय आणि त्यांची बायको कागदात काय आहे ते न विचारता साक्षीदार म्हणून सही करायला तयार होते. शनिवारी दोघं चहाला येणारच होते.

आणि इथे कांचननं नको ते केलं. ज्या बाईनं अठराव्या शतकाची इतकी पुस्तकं वाचली, जी उपास करत नाही, मांजर आडवं गेलं तर त्याच्याशी बोलत उभी राहते, ती म्हणाली, “या शनिवारी नको. पितृपक्ष आहे. घटस्थापनेला करू.”

डॉक्टर चकित झाले. “तू? तू पितृपक्ष मानतेस?”

ती मानत नव्हती. पण अख्ख्या जगात या एकाच कागदावर तिचं नाव त्यांच्या नावाशेजारी येणार होतं. कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, लग्नाची पत्रिका नाही. हा एक कागद. तो पितरांच्या पंधरवड्यात व्हावा, हे तिच्यानं सोसवेना. तिला तो नव्या साडीत, दारात रांगोळी काढून, चांगल्या दिवशी करायचा होता. हे बोलून दाखवायची लाज वाटली म्हणून ती नुसतीच म्हणाली, “दोन आठवड्यांनी काय होतंय?”

“काही नाही,” डॉक्टर म्हणाले, आणि कागदावर तारखेच्या जागी २३ सप्टेंबर लिहून मोकळे झाले. “घे. तुझा मुहूर्त लिहून ठेवला.” कांचननं कागद स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, ओक ट्री रोडच्या वाण्यानं दिलेल्या कॅलेंडरखाली ठेवून दिला.

वीस तारखेला, बुधवारी सकाळी, दवाखान्यात पेशंटची फाइल हातात घेता घेता डॉक्टर कोसळले. मेंदूत रक्तस्राव. कांचन अँब्युलन्समध्ये बसून गेली. हॉस्पिटलमध्ये नर्सनं विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? बायको म्हटलं असतं तर कुणी पुरावा मागितला नसता. पण खोटं तिच्या जिभेवर येईना आणि खऱ्याला इंग्रजीत शब्द सापडेना. ती म्हणाली, “मी त्यांच्या ऑफिसात काम करते.” नर्सनं तसं लिहून घेतलं.

त्या दिवशी तिला आत बसू दिलं. नळ्यांच्या जंजाळात त्यांचा हात शोधून ती धरून बसली. गुरुवारी शंतनू आला. चांगला मुलगा, आवाज न चढवणारा. तिला बाहेर बोलावून म्हणाला, “कांचन काकू, थँक्यू फॉर एव्हरीथिंग. पण मॉम उद्या लँड होतेय. तिच्यासाठी हे ऑकवर्ड होईल. आय होप यू अंडरस्टँड. व्हिजिटर्समध्ये मी फक्त फॅमिलीची नावं दिलीयेत.”

तिला सगळं समजलं. द्यु बारीची गाडी दाराशी लागली होती एवढंच.

मग तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी शब्द टाकला. वेटिंग रूममध्ये संजय उभे होते. याच संजयच्या भावाला नोकरी लागावी म्हणून तिनं डॉक्टरांना आठवडाभर जेवताना छळलं होतं. ती म्हणाली, “शंतनूला तुम्ही सांगा ना. मी कोपऱ्यात बसेन. सुनेत्राताई आल्या की उठून जाईन. दिवसातून पाच मिनिटं तरी.”

संजयनी गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. “कांचनताई, फॅमिली मॅटर आहे हो. आपण मध्ये पडणं बरं दिसत नाही.”

कांचनताई! पाच वर्षांची वहिनी एका दिवसात ताई झाली. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्य अजून मेलाही नव्हता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण रागवायलासुद्धा एखादी जागा लागते. तिला ती कुठे उरली होती?

शुक्रवारी सर्वपित्री अमावास्या. सुनेत्रा नागपूरहून गंगाजलाचा गडू घेऊन आली. कांचन खालच्या लॉबीत बसून होती. लॉबीत बसायला कुणाची परवानगी लागत नाही. लिफ्टकडे जाताना सुनेत्रानं तिच्याकडे पाहिलं. ओळखलं असावं. थकलेली, सुजलेल्या पायांची बाई, रागवायचंही त्राण नसलेली. कांचनला तिचा द्वेष करायचा होता, तोही जमला नाही.

दुपारी संजय खाली आले आणि, मन खात असावं, तिच्याशेजारी बसून हळूच सांगू लागले. मेंदू पुन्हा चालेल याची आशा नाही, डॉक्टर लोक म्हणताहेत. गळ्याला भोक पाडून कायमचं मशीनवर ठेवायचं की काढायचं, हे घरच्यांनी ठरवायचंय. शंतनू म्हणतो, डॅड फायटर आहेत, ठेवा. सुनेत्राताई नुसत्या रडतात, म्हणतात, अकरा वर्षांत मी त्यांना काय हवं ते विचारलंच नाही, मी कसं सांगू? सोमवारी गळ्याचं ऑपरेशन ठेवलंय.

कांचन घरी गेली. ड्रॉवर उघडला, बंद केला. त्यांना काय हवं ते जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं. कागद दाखवला तर ते सुटतील आणि जातील, आणि तिला शेवटचं पाहायलाही मिळणार नाही. कागद ड्रॉवरमध्ये राहिला तर ते श्वास घेत राहतील. शंतनू चार दिवसांत टेक्ससला परतेल, सुनेत्रा किती दिवस राहणार? मग खोलीत कोण बसेल? तीच. महिने, कदाचित वर्षंही. रोज हात धरून फ्रेंच वाचत. हा विचार तिच्या मनात आला, आणि थोडा वेळ नाही, चांगला सबंध संध्याकाळभर राहिला. त्यात तिला सुखही वाटलं. नंतर त्या सुखाची अशी शिसारी आली की तिला जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी ती कागद घेऊन लॉबीत उभी राहिली आणि शंतनूला निरोप पाठवला. तो दाढी वाढलेला, लाल डोळ्यांनी खाली आला. तिनं कागद पुढे केला.

त्यानं वाचला. वडिलांचं अक्षर त्यानं बोटानं चाचपलं. मशीनबद्दलची ओळ दोनदा वाचली. मग तिचं नाव वाचलं, आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

“हे डॅडनीच लिहिलंय.”

“हो.”

“पण सही नाहीये. सही असती तर...” तो थांबला. सही असती तर काय, ते दोघांनाही कळत होतं. सही असती तर आज वरच्या खोलीत ती असती आणि आत यायला तो तिची परवानगी मागत असता. “काकू, डॅड वॉन्टेड दिस. मग साइन का नाही केलं?”

“मीच थांबवलं,” कांचन म्हणाली. “पितृपक्ष होता.”

शंतनूला तो शब्द माहीत नव्हता. त्यानं मान हलवली. “मी मॉमला दाखवतो. आय थिंक... आय थिंक आम्ही हे फॉलो करू.”

“शंतनू,” ती म्हणाली, “मला पाच मिनिटं वर येऊ दे. तुझ्या पाया पडते.”

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. “मी मॉमला विचारतो,” तो म्हणाला आणि लिफ्टमध्ये गेला.

ती उभीच राहिली. लिफ्ट कितीदा खाली आली. फुलं घेतलेली माणसं आली, नवं बाळ घेऊन एक जोडपं गेलं. दीड तासानं शंतनू खाली आला. त्याच्या हातात तोच कागद होता, घामानं मऊ पडलेला.

“इट वॉज फास्ट,” तो म्हणाला. “मशीन काढलं आणि दहाच मिनिटांत... मॉम तुला बोलवा म्हणाली होती, काकू. मी निघालोच होतो. लिफ्टपर्यंत आलो होतो.”

कांचननं कागद हातात घेतला. शंतनू तिच्या खांद्यावरून बघत होता.

“विअर्ड,” तो म्हणाला. “डॅडनी आजचीच डेट टाकलीये.”

“हो,” कांचन म्हणाली. “दिवस चांगला आहे.”